'बॉयकॉट' शब्दाची कुळकथा

एखादी गोष्ट टाळणें या अर्थाचे शब्द इंग्रजींत पुष्कळ आहेत. संकट टाळणें निराळें, कर्तव्य चुकविणें निराळें, आणि एखाद्याचा संसर्ग वर्ज्य करणें निराळें. परंतु अनेकांनीं मिळून, ठरवून व उघडपणें टाळणें याला आज जो 'बॉयकॉट' शब्द रूढ आहे, तो १८८० पूर्वीं त्या भाषेंत नव्हता. तें एका माणसाचें आडनांव आहे.

कॅप्टन चार्लस् कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडांतील मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनीं खंडांत शेंकडा २५ सूट मागितली. जमीनदार १० च्या पुढें जाईना. सप्टेंबर १८८० मध्यें बॉयकॉटनें कुळांना घालवून देण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच महिन्याच्या १९ तारखेस एनिस येथील सभेंत पार्नेल यानें उपदेश केला होता कीं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचा जीव घेऊं नका. रस्त्यांत, बाजारांत, प्रार्थनामंदिरांतही त्याला एकटा पाडा. हेंच शस्त्र बॉयकॉटवर चाललें. चाकर निघून गेले; लोहाराला व परटिणीला त्याचें काम सोडण्याची ताकीद मिळाली. अखेर अल्स्टरकडून पन्नास मजूर आणून, सुमारें हजार शिपायांच्या पहाऱ्यांत शेतें काढावीं लागलीं. सुमारें ५०० पौंडांच्या पिकापायीं १०,००० पौंडांवर खर्च झाल्याचा अंदाज त्या वेळीं करण्यांत आला. १ डिसेंबरला बॉयकॉटनें आयर्लंड सोडलें. १८८१ च्या कायद्यानें वाजवी खंड ठरविण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला.

शब्दाच्या जन्माची हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकारानें दिली आहे. या प्रकारास प्रथम 'ऑस्ट्रॅसाइझ' हा शब्द सुचला. प्राचीन अथेन्सचे नागरिक खापरीवर नांव लिहून एखाद्यास १० वर्षे हद्दपार करीत, त्यावरून तो आलेला. पण मेयोच्या शेतकऱ्यांना तो उमजेना कीं काय, अशी शंका आली. तेव्हां फादर जॉन ओ'मॅली यांनीं 'बॉयकॉट करणें' म्हणावें असें सुचविलें. पंडिती शब्द मागें पडला, आणि कुळांना रोज भोंवणारें नांव जगभर गेलें.

१९०५ सालीं बंगालच्या फाळणीच्या वेळीं तें आपल्याकडे दुमदुमलें. टिळकांच्या 'केसरी'नें त्याचा पुरस्कार 'बहिष्कार' या नांवानें केला. हा प्रतिशब्द मात्र नवा नव्हता. माणसास पंक्तीबाहेर काढणें, त्याचा न्हावी-परीट बंद करणें, हा त्याचा जुना व्यवहार. १८९० सालच्या पुण्यांतील पंचहौद मिशनच्या चहावरून ज्यांच्याविरुद्ध ग्रामण्य उठलें, त्यांत न्यायमूर्ति रानडे व खुद्द टिळकही होते. आणि ज्यांना जन्मतःच बाहेर ठेवलें होतें, त्यांच्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली व १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' काढलें.

मेयोंत दुर्बळांचें शस्त्र असलेली गोष्ट आपल्या गांवगाड्यांत बलवंतांच्या हातीं होती. शब्द मात्र एकच. मग भेद कसा करावा? आमच्या मतें कसोटी अशी: बहिष्काराचा रोष कृत्यावर आहे कीं माणसावर? बॉयकॉटनें नोटिसा मागें घेतल्या असत्या, तर त्याला परतण्याची वाट मोकळी होती. जन्मामुळें बहिष्कृत झालेल्यानें काय मागें घ्यावें? दुसरी कसोटी स्वेच्छेची. लोहाराला धमकी देऊन काम सोडावयास लावलें, तेथें मेयोचें शस्त्रही निष्कलंक राहिलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

माणसास वाळींत टाकणें हा महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें गुन्हा ठरला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी कापड नाकारणें आणि शेजाऱ्यास पाणी नाकारणें या दोहोंना आपण एकच नांव देतों. भाषेनें न केलेला हा भेद प्रत्येक प्रसंगीं आपणच केला पाहिजे.