पंख्याची दोरी

इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानातील साहेबांचे बंगले उन्हाळ्यात दिवसा बंद ठेवीत आणि सूर्य मावळला की दारेखिडक्या सताड उघडीत. रात्रीच्या हवेने तापलेल्या भिंती हळूहळू निवत. पण वारा पडला म्हणजे झोप दुर्मिळ होई. छताला टांगलेल्या झालरीच्या पंख्याची दोरी भिंतीतील भोकातून व्हरांड्यात जाई. तेथे बसलेला पंखेवाला ती रात्रभर ओढी. त्याचा डोळा लागला की साहेब जागा होई, आणि कित्येकदा लाथ बसे. अशा मारहाणीत माणसे दगावली. तरी मृताची प्लीहा हिवतापाने आधीच वाढलेली होती, या सबबीवर आरोपी थोडक्या शिक्षेवर सुटत. १८९९ साली कलकत्त्यात विजेचा पुरवठा सुरू झाला आणि मागोमाग विजेचे पंखे आले. पंखेवाल्याच्या लाथा चुकल्या. तशी त्याची रोजीही गेली.