हट्टीच्या सोन्याचा माग

१९१५ साली सी. बीडन या सोन्याच्या खाणींवरच्या इंग्रज अभियंत्याला रायचूरजवळच्या मस्कीत अशोकाचा शिलालेख सापडला. इतरत्र बहुतेक ठिकाणी ‘देवांचा प्रिय’ अशा बिरुदांनीच बोलणाऱ्या सम्राटाचे नाव या लेखात स्वच्छ कोरलेले होते. मौर्यांचे लेख इतक्या दक्षिणेला, नेमके याच मुलखात का, याचे उत्तर काही अभ्यासक सोन्यात शोधतात. मला तो तर्क पटतो, कारण सोन्याची खाण असलेली हट्टी आणि मस्की एकाच हरितशिला पट्ट्यावर वसली आहेत.

हरितशिला हा खडक मुळात बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. पण सह्याद्रीचा लाव्हा जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा अडीचशे कोटींहून जुना. समुद्रतळावर ओतला गेलेला हा लाव्हा पुढे खोल गाडला गेला, दाबाने आणि उष्णतेने बदलला. हॉर्नब्लेंड आणि क्लोराइट या खनिजांनी त्याला हिरवट झाक आली. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात अशा खडकांना धारवाडचे नाव दिले. भूकवच जिथे सरकून चिरफाळले, तिथून खोलातले तप्त पाणी वर चढले. त्यात गंधकाच्या साथीने सोने विरघळलेले होते. वाटेतल्या खडकातल्या लोहाने गंधक धरून ठेवले, पायराइट तयार झाले आणि सोने गारेच्या शिरांत, त्यांच्या आजूबाजूच्या खडकात उतरले.

या शिरा प्रथम कोणी ओळखल्या? त्यांची नावे कुठेच नाहीत, काम मात्र शिल्लक आहे. हट्टीच्या जुन्या खोदकामांतले लाकूड कार्बन-कालमापनात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे निघाले. सुरुंगाची दारू नसताना ती माणसे जवळपास दोनशे मीटर खोल उतरली होती. खडकाला आग लावून तापवायचे, तडकवायचे, निघालेली गार दगडावर रगडायची आणि भुकटी पाण्याने धुवायची. एवढ्या खोलीत धूर आणि पाणी त्यांनी कसे हाताळले असेल, या विचाराने मी आजही थक्क होतो.

म्हणूनच ‘इंग्रजांनी सोने शोधले’ हे वाक्य मला खुपते. कोलारला १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरनला सोने दाखवले ते गावकऱ्यांनी, आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्याची माती धुतात तशी माती धुऊन. १८७०च्या दशकात लॅव्हेल नावाच्या गृहस्थाने तिथे खाणीचा परवाना मिळवला, १८८०पासून जॉन टेलर कंपनी आली, खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद पडली. हट्टीत १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली. तिची वारस असलेली कर्नाटक सरकारची कंपनी टनामागे काही ग्रॅम सोन्यासाठी तिथे अजून खोदते आहे. धारवाडी पट्ट्यांत सोने शोधायला निघालेले भूवैज्ञानिकही आधी जुनी खोदकामे कुठे आहेत, हेच पाहत आले आहेत.