तळटीप : माउंटन व्ह्यूची माती

येथे उल्लेखिलेली सफाई कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यूची. १९६० व ७०च्या दशकांत तिथल्या चिप-कारखान्यांत सुटे भाग धुण्यासाठी वापरलेले ट्रायक्लोरोएथिलीन गळक्या टाक्यांतून, नळांतून जमिनीत मुरले. हे द्रव्य पाण्याहून जड, पण हवेत चटकन उडणारे. म्हणून भूजलाच्या वरच्या कोरड्या थरात भोके पाडलेले नळ उतरवतात, पंपाने मातीतली हवा ओढतात आणि ती सक्रिय कोळशातून गाळून सोडतात. वाळूत हे चांगले साधते. चिकणमाती वाफ सहजासहजी सोडत नाही. भूजलात उतरलेला अंश वेगळा उपसावा लागतो, आणि त्याला दशके लागतात. हीच वाफ फरशीच्या भेगांतून घरातही शिरू शकते. ट्रायक्लोरोएथिलीन कर्करोगकारक आहे. रहिवाशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ही बाब मूळ मजकुरात यायला हवी होती. – संपा.