झपाटलेपणाची जात : मावळ, मनोविकार आणि भयपट

कार्ल्याच्या डोंगरावर बौद्ध चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेत बायकांच्या अंगात देवी येते. केस मोकळे सुटतात, घुमणे सुरू होते. भोवतालचे लोक त्या बाईला रोगी मानीत नाहीत, तिच्या पाया पडतात. तेथून काही किलोमीटरवर, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. माणसाच्या व्यथेकडे पाहण्याच्या या दोन व्यवस्था एकाच मावळात शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. भयपट या दोहोंमधील वादाला दृश्यरूप देतो. परंतु हा वाद केवळ श्रद्धा आणि विज्ञान यांच्यातला नाही. व्यथेला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

मराठी लोकसमजुतीतील भुते समाजव्यवस्थेच्या बाहेरची नाहीत. मुंजा हा मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. ब्रह्मसमंध हाही ब्राह्मणच. खवीस बहुधा मुसलमानाचा. जॅक्सन यांच्या टिपणांवरून एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये सिद्ध केलेल्या कोकणातील लोकसमजुतींच्या संकलनात ‘काफ्री’ हे आफ्रिकी माणसाचे भूतही नोंदलेले आहे. म्हणजे जात, धर्म आणि वर्ण मरणानंतरही सुटत नाहीत. जिवंतपणी ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, तोच मेल्यावर घरात शिरतो, अशी ही भीती आहे.

हिंदी भयपटाने ही भीती शहरी घरात आणली. रामगोपाल वर्मा यांच्या ‘भूत’मध्ये (२००३) मुंबईच्या उंच इमारतीतील स्त्री झपाटली जाते. मनोविकारतज्ज्ञ तिला बरे करू शकत नाही. खरा प्रकार घरच्या मोलकरणीला उमगतो आणि मांत्रिक स्त्री उपाय करते. ‘भूलभुलैया’त (२००७) उलट मनोविकारतज्ज्ञ विजयी होतो, पण रोग्याला बरे करण्यासाठी त्यालाही भूतबाधेचेच नाटक उभे करावे लागते. पहिल्या चित्रपटात अशिक्षित स्त्रीचे ज्ञान खरे ठरते, दुसऱ्यात तज्ज्ञाचे. मात्र जिच्यावर उपचार होतो, तिला स्वतःच्या व्यथेविषयी काय म्हणायचे आहे, हे दोहोंतही गौणच राहते.

अमेरिकेतील भयपटाने वंशाचा प्रश्न अधिक थेटपणे हाताळला. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा (१९६८) कृष्णवर्णीय नायक प्रेतांच्या तावडीतून वाचतो आणि सकाळी त्याला वाचवायला आलेल्यांच्याच गोळीने मरतो. जॉर्डन पील यांच्या ‘गेट आउट’मध्ये (२०१७) मनोविकारतज्ज्ञ गोरी स्त्री चमचा आणि कप यांच्या आवाजाने कृष्णवर्णीय तरुणाला संमोहित करते, त्याच्या आईच्या मृत्यूचे दुःखच त्याला बांधण्याचे साधन होते. येथे उपचार हीच सत्ता आहे. वसाहतीतील मनोविकाराची चिकित्सा वसाहतवादापासून तोडता येत नाही, हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या फ्रान्झ फॅनन यांनी १९५०च्या दशकात मांडले होते. वंश आणि जात एक नव्हेत. तथापि १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले, तेव्हा या दोन अनुभवांतील संवाद मराठीत उघडपणे सुरू झाला होता. कवितेने आणि आत्मकथनाने तो पुढे नेला. भयपटापर्यंत तो क्वचितच पोहोचला.

या दृष्टीने ‘तुंबाड’ (२०१८) महत्त्वाचा ठरतो. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटात भय बाहेरून येत नाही. ते ब्राह्मणी वाड्यातच जन्मते. कोंडलेली, साखळीने बांधलेली शापित म्हातारी हे घराण्याच्या लोभाचे शरीर आहे. त्याचबरोबर, वेडसर ठरवलेल्या नातलगाला मागच्या खोलीत बांधून ठेवणाऱ्या घरांचेही ते चित्र आहे. येथे भुताची जात बदलली आहे, आणि तेवढ्याने भयाचा अर्थही बदलला आहे.

महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे त्यामुळे गुन्हा ठरले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. हे दोन्ही कायदे आवश्यकच होते. तथापि मारहाण थांबली, साखळी तुटली, म्हणजे ती बाई काय बोलत होती हे ऐकले गेले असे होत नाही. एकवीरेच्या पायरीवर घुमणाऱ्या बाईला काही काळ तरी समाज ऐकतो. घरी परतल्यावर तिचे बोलणे पुन्हा कोणी मोजत नाही. भयपटाच्या समीक्षेने भूत खरे की खोटे, या प्रश्नात अडकण्याचे कारण नाही. ते कोणाच्या तोंडून बोलते आणि एरवी त्या तोंडाला बोलण्याची मुभा होती काय, हे तिने तपासले पाहिजे.