हार्डवेअर सुसंगतता आणि ऑपरेटिंग सिस्टिमची विश्वसनीयता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ऑपरेटिंग सिस्टिमचे मूल्यमापन प्रामुख्याने दोन निकषांवर केले जाते. ती किती प्रकारच्या हार्डवेअरवर चालते आणि किती भरवशाने चालते. हे दोन्ही गुण एकत्रच वाढतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. इतिहास मात्र वेगळे चित्र दाखवितो. सुसंगतता जसजशी वाढते, तसतशी विश्वसनीयतेची जबाबदारी अनेकांत विभागली जाते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला आहे.

सुसंगततेचा विस्तार :
१९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही लहानमोठ्या संगणकांची परस्परसुसंगत मालिका जाहीर केली. यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकाच कंपनीची असल्याने उत्तरदायित्वही एकाच ठिकाणी होते. १९८१ च्या आयबीएम पीसीने ही स्थिती बदलली. त्याचे बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते, त्यामुळे इतर उत्पादकही तसेच संगणक बनवू लागले. डॉसच्या काळात प्रत्येक सॉफ्टवेअरला प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतःच बाळगावा लागे. विंडोजने हे काम स्वतःकडे घेतले आणि विंडोज ९५ ने 'प्लग अँड प्ले' ही सोय रूढ केली.

ड्रायव्हरचा प्रश्न :
ड्रायव्हर बहुधा उपकरणाचा उत्पादक लिहितो. परंतु त्यांपैकी अनेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पूर्ण अधिकाराने चालतात. तेथील एक चूक संपूर्ण यंत्र बंद पाडू शकते. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथे बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू असता स्कॅनर जोडताच निळा पडदा दिसला. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी नोंदविले की, विंडोज एक्सपीच्या कळविल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. लिनक्सही यास अपवाद नव्हते. २००१ च्या एका अभ्यासानुसार त्यातील ड्रायव्हरमध्ये चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या ३ ते ७ पट आढळले.

तीन मार्ग :
या प्रश्नावर तीन भिन्न उपाय योजले गेले. ॲपलने १९९५ मध्ये इतर उत्पादकांना दिलेले परवाने १९९७ पासून थांबविले आणि मोजक्याच यंत्रांपुरते क्षेत्र राखले. लिनक्सने ड्रायव्हरचा मूळ सोर्स कोड कर्नलसोबतच ठेवण्यावर भर दिला. त्यामुळे चूक दुरुस्त करणे इतरांनाही शक्य झाले. मात्र उत्पादकाने तांत्रिक तपशील न दिल्यास ते उपकरण दीर्घकाळ असमर्थित राही. मायक्रोसॉफ्टने चाचणी व डिजिटल स्वाक्षरीचा मार्ग निवडला.

स्वाक्षरीची मर्यादा १९ जुलै २०२४ रोजी स्पष्ट झाली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर प्रमाणित होता. सदोष होती ती त्याने नंतर वाचलेली माहितीची फाईल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बाधित झाली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले.

निष्कर्ष :
कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम स्वभावतः विश्वसनीय वा अविश्वसनीय नसते. तिच्या कर्नलमध्ये कोणाला प्रवेश आहे आणि तेथील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर तिचा भरवसा बव्हंशी अवलंबून असतो. म्हणून शैक्षणिक संस्थांनी संगणकप्रणाली निवडताना उपकरणांच्या यादीइतकेच महत्त्व या उत्तरदायित्वास देणे आवश्यक ठरते.