तीव्र धावण्यातील ऑक्सिजनचा वापर आणि वॉर्म-अप : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण हा पट्टा कारखानदारीसाठी प्रसिद्ध आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी येथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. या दोन्ही अंतरांत थोड्या सेकंदांच्या फरकाने गुण कमी-अधिक होतात. त्यामुळे धावण्यापूर्वीचा वॉर्म-अप हा येथील उमेदवारांच्या दृष्टीने उपजीविकेशी निगडित प्रश्न ठरतो. या प्रश्नाकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उष्णतेपासून ऑक्सिजनकडे

१९१३ मध्ये डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग व योहानेस लिंडहार्ड यांनी व्यायामाच्या आरंभी श्वसन व रक्ताभिसरण कसे बदलते याचा अभ्यास केला. १९२३ मध्ये इंग्लंडचे ए. व्ही. हिल व हार्टले लप्टन यांनी धावपटूंच्या ऑक्सिजन ग्रहणाची कमाल मर्यादा व ‘ऑक्सिजनचे ऋण’ या कल्पना मांडल्या. धावण्यास सुरुवात होताच स्नायूंची गरज एकदम वाढते, परंतु ऑक्सिजनचे ग्रहण हळूहळू वाढते. ही तूट शरीराला ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेतून भरून काढावी लागते.

वॉर्म-अपचा विचार मात्र दीर्घकाळ उष्णतेभोवतीच फिरत राहिला. १९४५ मध्ये आस्मुसेन व ब्यॉये यांनी स्नायूंचे तापमान वाढल्यास कार्यक्षमता वाढते, असे दाखविले. गरम पाण्याच्या स्नानानेही लाभ होत असल्याने उष्णता हेच कारण मानले गेले.

१९९६ मध्ये गर्बिनो, वॉर्ड व व्हिप यांच्या सायकलवरील प्रयोगाने या विचाराला वेगळे वळण मिळाले. आधी तीव्र व्यायाम केल्यास त्यानंतरच्या तीव्र व्यायामात ऑक्सिजनचे ग्रहण अधिक लवकर गरजेच्या पातळीकडे जाते. मध्यम व्यायामाने तसा परिणाम होत नाही, असे आढळले. १९९७ मध्ये कोगा व सहकाऱ्यांनी केवळ मांड्या तापवून पाहिल्या. तेव्हा आरंभीच्या ऑक्सिजनवाढीचा वेग वाढला नाही. अर्थात, उष्णता हे एकमेव कारण नव्हे.

धावण्याच्या मैदानावर

२०१३ मध्ये इंगहॅम व सहकाऱ्यांनी ८०० मीटरच्या धावपटूंवर प्रयोग केला. नेहमीच्या वॉर्म-अपमधील काही छोट्या धावांऐवजी शर्यतीच्या वेगाने २०० मीटरची एक धाव दिली व त्यानंतर २० मिनिटे विश्रांती ठेवली. सरासरी वेळ १२५.७ सेकंदांवरून १२४.५ सेकंदांवर आली व ऑक्सिजनचे एकूण ग्रहणही वाढले. तथापि विश्रांती महत्त्वाची आहे. २००९ मधील बेली व सहकाऱ्यांच्या सायकलवरील प्रयोगात तीव्र पूर्वव्यायामानंतर ९ ते २० मिनिटांच्या विश्रांतीने लाभ झाला. ३ मिनिटांच्या विश्रांतीने झाला नाही.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून असे दिसते की, वॉर्म-अप म्हणजे केवळ घाम येईपर्यंत हातपाय हलविणे नव्हे. हलके धावणे, त्यानंतर एक छोटी वेगवान धाव व पुरेशी विश्रांती हा क्रम अधिक उपयुक्त ठरतो. मात्र तो सरावाच्या काळातच अंगवळणी पाडावा लागतो. चाचणीच्या दिवशी रांगेत बराच काळ थांबावे लागल्यास तयार झालेले शरीर पुन्हा थंडावते. म्हणूनच भरतीच्या मैदानावर उमेदवारांना धावण्यापूर्वी मोकळी जागा व निश्चित वेळ मिळणे, ही सवलत नसून न्याय्य चाचणीची पूर्वअट होय.