पेढीची राखण

परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावात रात्री दुकानदार कुलूप ओढून पाहतो आणि घरची वाट धरतो. त्या कुलपापाठीमागे एक जुना प्रश्न आहे. माल राखावा कोणी, आणि राखण चुकली तर जबाबदार कोण?

बोरीच्या वायव्येस जालना ही मोगलांची भरभराटीची पेठ होती. १६७९ साली शिवाजी महाराजांची फौज तिच्यावर चालून आली, तेव्हा धनिकांनी आपले द्रव्य सय्यद जान महंमद या साधुपुरुषाच्या स्थानात नेऊन ठेवले. साधुसंतांच्या स्थानांना महाराज उपद्रव देत नाहीत, हा लौकिक त्यांना ठाऊक होता. परंतु द्रव्य तेथे गेल्याचे कळताच त्या स्थानाचाही बचाव झाला नाही, असे मोगल इतिहासकार सांगतात. ही राजकीय स्वारी होती, चोरी नव्हे; तथापि राखणीची कसोटी दोहोंत एकच. ऐनवेळी शोधलेला आसरा उपयोगी पडला नाही.

त्यापूर्वी पंधरा वर्षे, १६६४ च्या जानेवारीत, सुरतेला हीच कसोटी लागली होती. तेथील अंमलदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलीत असे. मात्र त्या मानाने शिपाई त्याने ठेवले नव्हते, असे जदुनाथ सरकार लिहितात. संकट येताच तो किल्ल्यात जाऊन बसला आणि वीरजी व्होरासारख्या कोट्यधीशाचा वाडा लुटला गेला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन याने मात्र जहाजांवरची माणसे आणविली, तोफा चढविल्या आणि प्रत्येकाची जागा नेमून दिली. शेजारच्या हाजी सय्यद बेगच्या वाड्यात शिरलेल्यांनाही त्याच्या माणसांनी हुसकून लावले. शेजाऱ्याची भिंत पडली की आपलीही उघडी पडते, हे त्यांनी ओळखले होते. ती वखार वाचली.

साध्या चोरीसाठी आपल्या खेड्यांत निराळी व्यवस्था होती. पेशव्यांच्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने ती वर्णिली आहे. गावचा जागल्या प्रत्येक रहिवाशाला ओळखी. चोरी झाल्यास तो चोराचा माग शिवेपर्यंत नेऊन पुढील गावाच्या स्वाधीन करी. माग जेथे थांबे, तेथील जागल्याने ऐपतीप्रमाणे नुकसान भरावे आणि उरलेले गावाने सोसावे, असा रिवाज होता. ही भरपाई अन्यायाची आहे आणि ती क्वचितच पुरती वसूल होई, असेही एल्फिन्स्टन प्रांजळपणे नोंदवितो. मात्र हयगय किंवा संगनमत उघड झाल्यास पाटलाचे वा जागल्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देत. म्हणजे डोळा लागला तर आपली भाकरी जाईल, हे राखणदारास ठाऊक असे. इनायतखानास ती धास्ती नव्हती.

आज दुकानावर लोखंडी शटर असते आणि कॅमेराही असतो. ही साधने अवश्य हवीत. परंतु ते चित्र कोण पाहणार, किल्ली कोणापाशी राहणार, शेजाऱ्याच्या मागल्या दाराकडे कोणाचे लक्ष असणार आणि रात्री हाक आली तर कोण धावणार, हे दिवसाउजेडी, माणसांच्या नावानिशी ठरलेले असावे. सुरतेच्या सरकारी दप्तरात पाचशे शिपाई होतेच. ते वेशीवर मात्र नव्हते.